पाखरीची अर्धल

पोळ्याची कर, सकाळी दहाचा सुमार, रक्कम रुपये पाचशे. हजर असलेली माणसं: संस्थेच्या वैद्य मॅडम, माझे वडील म्हणजे दादा, माय, मेंढ्या राखणारा गंगाराम आणि मी. जिच्यासाठी आम्ही जमलो होतो ती पाखरी नावाची कारवानी कुत्री ओसरीत पोत्यावर पडून होती आणि तिला यातल्या कशाशी घेणंदेणं नव्हतं. पाचशे रुपये मी मॅडमच्या हातात दिले. त्यांनी ते पर्समध्ये ठेवले, दत्तक-शुल्काची पावतीही फाडली. तरी त्या दिवशी कुत्री आमची झाली नाही. का झाली नाही हे सांगायचं तर त्याआधीचं बरंच सांगावं लागेल, आणि ते आठवायला बसलो की आज चाळिशी ओलांडल्यावरही माझं डोकं तापतं.

आमचं गाव जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. दादा गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. घर बौद्धवाड्याच्या टोकाला, दोन खोल्या, वर पत्रे, पुढे ओसरी, मागे बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यात मायच्या शेळ्या. मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि तो आवाज थांबला की लगेच शेळ्या ओरडायला लागायच्या, कारण आता आपली पाळी हे त्यांनाही माहीत असायचं. जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कोणी पाहुणा आला तर येसराची आमटी. रविवारी धरणावरचे कोळी मासे घेऊन यायचे आणि माय त्याचं असं तिखट कालवण करायची की दादा जेवताना पंच्यानं कपाळ पुसत राहायचे. दादांचा पगार घराचा, पण शेळ्या मायच्या. माहेरातून येताना तिनं एक शेळी आणली होती, तिच्याच वंशातल्या या सगळ्या. कोणती विकायची, कोणती ठेवायची, हे ती एकटी ठरवायची आणि त्या बाबतीत दादासुद्धा तिला विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत.

मी जिंतूरला बी.कॉम. करत होतो. वैद्य मॅडम परभणीला राहायच्या, निवृत्त प्राध्यापिका. त्यांची संस्था फक्त कारवानी कुत्र्यांसाठी काम करायची. लांब तोंड, उंच पाय, आत गेलेलं पोट, वाऱ्यासारखी धावणारी ही आपल्याच भागातली जात. लोक ती सशाच्या शिकारीला वापरायचे, जी कायद्यानं बंद आहे, आणि पाय मोडला किंवा वय झालं की कुत्रं रस्त्यावर सोडून द्यायचे. अशी कुत्री गोळा करायची, बरी करायची आणि चांगल्या घरी दत्तक द्यायची, असं ते काम. मी घरी सांगितलं तेव्हा दादांनी विचारलं, "फक्त कारवानीच कामून? बाकीच्या कुत्र्यांनी काय घोडं मारलं?" पुढे मी तेच मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं करायला निघालो की कोणाचंच होत नाही." हे मला तेव्हा पटलं. आजही निम्मं पटतं.

स्वयंसेवक म्हणून माझ्याकडे दोन कामं होती. औषधपाण्याचा खर्च लिहिणं, आणि जिंतूर-सेलूकडच्या गावांमध्ये जाऊन दत्तक मागणाऱ्यांची घरं पाहणं. या दुसऱ्या कामानं माझा जीव मेटाकुटीला आणला. मागणारे शंभर सापडायचे. निम्म्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पळतंय का?" पळतंय म्हटलं तर ते शिकारीला हवं असायचं, पाय अधू आहे म्हटलं तर "मंग कशाला पायजे?" वालूरच्या एका दुकानदारानं दारात लोखंडी फाटक, मागे मोकळी जागा, सगळं पसंत पडावं असं घर दाखवलं. कुत्रं नेलं, आणि आठवड्यात परत आणलं, कारण ते अनोळखी माणसाला हात लावू देत नाही. कारवानी कुत्रं अनोळखी माणसाला हात लावू देत नाही हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. त्यात संस्थेचा फॉर्म शहरातल्या माणसांनी केलेला. कुत्रा कोणत्या खोलीत झोपेल, असा एक प्रश्न होता. आमच्या भागात माणूस कोणत्या खोलीत झोपेल हे ऋतूवर ठरतं. तिथे काय लिहावं कळायचं नाही म्हणून मी "ओसरी" लिहायचो, आणि मॅडम लाल पेनानं त्याच्याखाली रेघ ओढायच्या.

पाखरी गंगारामची. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. सशामागं पळताना तिचा पुढचा पाय अशा भेगेत गेला आणि मोडला. इतरांनी केलं असतं तसं गंगारामनं तिला टाकून दिलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. तो तिला बाभळीखाली बांधून ठेवायचा, पायाला हळद लावायचा, आणि ती खात नाही म्हणून स्वतःही धड जेवायचा नाही. मी त्याला पाच-सहा वेळा समजावलं की परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात प्लास्टर होईल, खर्च संस्था करेल, फक्त तिला संस्थेच्या नावावर करून दे. तो ऐकून घ्यायचा आणि "बगू" म्हणायचा. मग एकदा मी कॉलेजात असताना तो तिला खांद्यावर घालून आमच्या घरी आला, दादांशी बोलला आणि कुत्री ओसरीत ठेवून गेला. संध्याकाळी दादांनी मला एवढंच सांगितलं, "गंगारामशी बोलणं झालंय. आता काही राहिलं नाही." दोन दिवसांनी गंगारामनं माझ्यासमोर संस्थेच्या कागदावर सही केली. त्याला वाचता येत होतं. ओठ हलवत त्यानं सगळा कागद वाचला आणि मग सही केली.

प्लास्टर झालं, निघालं, पाय थोडा वाकडा पण चालता झाला. संस्थेच्या परभणीच्या केंद्रात जागा नव्हती म्हणून ती आमच्याकडेच राहिली. संस्थेनं तिचं नाव डेझी ठेवलं होतं. त्या नावाला तिनं कधी कान हलवला नाही. मी तिच्या कानामागच्या गोचिड्या काढायचो, तिला रोज कुंपणाच्या आतून फिरवायचो. माय ताकात भाकरी कुस्करून दोन वेळा तिच्यापुढे ठेवायची आणि ठेवताना बडबडायची, की ही खाते शेळीइतकं आणि देत काहीच नाही. पण थंडीत स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी पोत्यावर घातली ती तिनंच. कारवानीच्या अंगावर मांस धरत नाही, कितीही घाला, फासळ्या दिसतातच. रस्त्यानं जाणारे लोक थांबून दादांना म्हणायचे, "गुर्जी, पगार झाला न्हाई का? कुत्र्याच्या फासळ्या मोजता येयलात." दादा हसायचे नाहीत. "ती जातच तशी आहे," असं ते प्रत्येकाला वर्गात सांगावं तसं सांगायचे. वर्ष होत आलं तेव्हा मी मॅडमना म्हणालो की हिला आम्हीच दत्तक घेतो. मला दुसरं काही नको होतं. इतक्या लोकांची घरं पाहून नाही म्हणता म्हणता मी थकलो होतो, आणि हे एक काम तरी सरळ होईल असं मला वाटलं होतं.

पोळ्याच्या करीला मॅडम आल्या. दादांनी गंगारामलाही बोलावलं होतं. ज्याचं जनावर त्यानं हजर असावं, असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या उरल्या होत्या, त्या मायनं सगळ्यांना दिल्या. पैसे दिले, पावती झाली, आणि मॅडम दत्तकाच्या अटी मोठ्यानं वाचू लागल्या. बांधून ठेवायचं नाही. शिकारीला न्यायचं नाही. दुसऱ्याला द्यायचं नाही. मग त्यांनी वाचलं, की मादीची नसबंदी महिनाभरात करून घेतली जाईल. गंगाराम भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला.

"म्हंजे हिला पिल्लं होनार न्हाईत?"

"नाही. तेच तर हवंय," मॅडम म्हणाल्या.

"कदीच?"

"कधीच."

गंगारामनं दादांकडे पाहिलं. "गुर्जी, मंग माझी अर्धल?"

आमच्याकडे गाय, शेळी दुसऱ्याला सांभाळायला देतात ती अर्धलीनं. जनावर मालकाचं, चारापाणी सांभाळणाऱ्याचं, आणि जी पिल्लं होतील ती निम्मी निम्मी. यासाठी कागद लागत नाही. गंगारामनं कुत्री खांद्यावरून उतरवली त्या दिवशी दादांचं आणि त्याचं हेच बोलणं झालं होतं: बरी झाली की पहिल्या वेतातली निम्मी पिल्लं त्याची. आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"कसली अर्धल?" मॅडमनी विचारलं. दादांनी ती त्यांना शांतपणे समजावून दिली. मॅडमचा चेहरा बदलत गेला. "अहो, पण कुत्री संस्थेची आहे. यांनी सही करून दिली आहे."

"सई कुत्रीची केलीय, बाई," गंगाराम म्हणाला. "पिल्लांची कुटं केलीय?"

मी दादांना म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?" दादांना खरोखर नवल वाटलं होतं. "एकाचं जनावर दुसऱ्याच्या दावणीला जातं, ते आणखी कसं जातं?"

मॅडमनी कागद मिटले. त्या म्हणाल्या, की पिल्लं होऊ दिली तर आणखी चार-सहा कारवानी रानात पळणार, भेगेत पाय मोडणार आणि पुन्हा त्यांच्याच दारात येणार. "माझ्या स्वयंसेवकाच्या घरातच असं असेल तर मी बाकीच्यांना काय तोंडानं सांगू, मिलिंद?" त्यांनी पंधरवड्याची मुदत दिली. तोवर घरात एकमत झालं तर ठीक, नाहीतर त्या पाखरीला परभणीला नेणार.

त्या पंधरवड्यात मी जितका वैतागलो तितका पुढे घर बांधतानाही वैतागलो नाही. आधी मी गंगारामकडे गेलो आणि दोन पिल्लांचे पैसे देतो म्हणालो. तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. वर न बघता म्हणाला, "पैशाला भुकता येतंय का? मागल्या म्हैन्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. मला कुत्रं पायजे." खरं होतं. मग मी मॅडमना फोन केला. आमच्या गावात तेव्हा शाळेमागच्या लिंबाखालीच रेंज यायची. म्हटलं, केंद्रातलं एखादं बरं झालेलं कुत्रं गंगारामला द्या. त्या म्हणाल्या, मेंढरांमागं बाहेर राहणारं कुत्रं संस्थेच्या नियमात बसत नाही. मी म्हणालो, ती जन्मभर बाहेरच राहिलीत. "म्हणूनच मोडून येतात," त्या म्हणाल्या. हेही खरं होतं. मग वालूरला एकाकडे कारवानीची पिल्लं आहेत असं कळलं म्हणून मी एसटीनं तिकडे गेलो. त्यानं अवाच्या सवा भाव सांगितला, आणि मॅडमच्या कानावर ते गेलं तेव्हा पिल्लांचा बाजार वाढवणारा स्वयंसेवक म्हणून माझी खरडपट्टी निघाली ती वेगळी.

शेवटी दादांनाच म्हणालो, की तुम्हाला संस्थेचा नियम माहीत नव्हता, मग तुमचा शब्द तुम्हाला कसा बांधील? दादा वह्या तपासत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गावात आपल्या शब्दाला वेगळं वजन लावतात, मिलिंद. दुसऱ्या कोणी जुबान फिरवली तर तो एक माणूस खोटा. मी फिरवली तर अख्खा वाडा खोटा. नियम माहीत नव्हता, हे ऐकायला कोणी थांबत नाही." त्यांनी टोपण काढलं आणि पुढची वही ओढली. तिघांपैकी एक जण जरी चुकत असता तरी मला त्याच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं. आज माझ्या फोनवर या कामाचे दोन ग्रुप आहेत, रोज कोणीतरी मोडक्या पायाच्या कुत्र्याचा फोटो टाकतं आणि त्याखाली तावातावानं वाद चालतो. मी वाचतो आणि काही लिहीत नाही. प्रत्येक जण बरोबर असतो, आणि कुत्रं तिथेच पडलेलं असतं.

राग सर्वांत जास्त आला तो पाखरीचा. त्या दिवसांत गंगाराम अधूनमधून "बगायला आलो" म्हणून ओसरीच्या कडेला बसायचा. ती लगेच उठायची, लंगडत जायची आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटायची. वर्षभर गोचिड्या मी काढल्या होत्या. मी हाक मारली तर ती एक कान वळवायची, तेवढंच.

मुदत संपली त्या दिवशी मॅडम गाडी घेऊन आल्या. मागच्या सीटवर जुनी चादर अंथरलेली होती. गंगारामही आला. पुन्हा तेच बोलणं सुरू झालं, त्याच क्रमानं; मॅडम पिल्लांचं सांगत होत्या, गंगाराम लांडग्याचं, दादा शब्दाचं. पाखरी मधोमध बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आत माय भाकरी करत होती. थापण्याचा आवाज थांबला आणि ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"गंगाराम," ती म्हणाली, "शेळी अर्धलीनं दिली आन ती भाकड निगाली, तर काय करतेत?"

गंगाराम जरा गोंधळला. "भाकड निगाली तर माघारी न्यायची."

"सांभाळनारा माघारी देत न्हाई म्हनला तर?"

"मंग जनावराला जनावर. पर ते सांभाळनाऱ्यानं कबूल कराया पायजे."

"हिला सांभाळलं कोनी?"

तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"ह्यांनी जुबान दिली, ह्या पोरानं फारम भरलं, बाईंनी पावती फाडली. आन वरीसभर भाकर घालनारीला कोनी इचारलं का, की तुला काय वाटतंय? तिकडं माझा तवा तापून लाल झाला तुमच्या बोलन्यापायी." ती कुंपणात गेली. परत आली तेव्हा तिच्यामागं काळी पाठ होती, अजून न व्यालेली तरणी शेळी, मागच्या वेताची, गाभण राहायला आलेली. माय तिला विकणार नव्हती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठी शेळी आता थकली होती, आणि तिच्या जागी ती हीच ठेवणार होती. "बाई पाखरीला दवाखान्यात नेऊन भाकड करनार, व्हय ना? मंग ही भाकडच निगाली, आसं धरा. ही पाठ घ्या आन मोकळं करा."

दादा उठून उभे राहिले. "अगं, ती तू ठेवणार होतीस."

"ठेवनार व्हते," माय म्हणाली.

गंगारामनं पाठीच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, आणि मान हलवली. "मास्तरीनबाई, हे जास्ती व्हायलंय. दोन पिल्लांला इतकी किंमत न्हाई. आसं करा, हिच्या पहिल्या वेतातलं एक करडू मी तुमाला आनून देतो."

"नगं. पुना अर्धल नगं ह्या घरात."

गंगाराम हसला, दादांनाही हसू आवरलं नाही. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी काळजीनं विचारलं, "पण तुम्ही हिला कापणार नाही ना?"

"बाई, पाठ कोन कापतं?" गंगाराम दुखावल्यासारखा म्हणाला. "ही घराची लक्ष्मी व्हती. मलाबी कळतंय ते."

"आणि लांडग्याचं काय करशील?" मी विचारलं. मला गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही.

"बगतो कुटंतरी पिल्लू," तो म्हणाला. त्याचा अर्थ मॅडमनाही कळला आणि मलाही. एक कुत्री आम्ही रानातून काढली होती आणि तिची जागा भरायला दुसरं पिल्लू निघालं होतं. वर्षभराच्या खटपटीतून एवढंच झालं होतं. हिवाळ्यात त्याच्या मेंढरांमागं ते पिल्लू मी पाहिलं, फिकट रंगाचं, पायात पाय अडकवत पळणारं. मॅडमना कळवलं नाही. कळवून काय होणार होतं?

दत्तकाचा कागद त्याच दिवशी झाला. मॅडमनी चादर गुंडाळून डिकीत टाकली, महिनाभरात दवाखान्यात यायचं बजावलं आणि जाताना मायला "थँक यू" म्हणाल्या. माय म्हणाली, "जेवून जावा." त्या थांबल्या नाहीत. पाखरी पुढे बरीच वर्षं आमच्याकडे राहिली. मायनं थकलेली शेळीच आणखी एक वेत ठेवली, त्या वेताला बोकड झाला, आणि त्यानंतर हळूहळू कुंपण रिकामं होत गेलं.

निघताना गंगारामनं खांद्यावरच्या घोंगडीची दोरी सोडली आणि पाठीच्या गळ्यात बांधली. तिच्या गळ्यातलं दावं मायनं आधीच काढून घेतलं होतं, कारण जनावर देताना दावं देत नाहीत. पाठ ओरडत, मागे बघत चालली. पाखरी उठून कुंपणापर्यंत त्यांच्यामागं गेली आणि गंगाराम "जा, जा माघारी" म्हणेपर्यंत उभी राहिली. एका कारवानी कुत्रीपायी शेवटी दिलं गेलं ते हे: मायच्या माहेरच्या वंशातली एक काळी पाठ, दाव्याशिवाय, मायच्या हातून गंगारामला.